टाकीवरचं स्टेशन

ऊस रस्त्यावर आला की मला राग येतो. दरवर्षी येतो. दिवाळीचे आकाशकंदील उतरवून ठेवलेले असतात, सकाळी अंगणात जायचं तर खांद्यावर शाल घ्यावी लागते, आणि अशाच एखाद्या सकाळी बिद्रीच्या साखर कारखान्याच्या दिशेनं निघालेला पहिला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आमच्या दारावरून जातो. आम्ही गारगोटी रस्त्याला, शहर संपता संपता राहतो. ट्रॉल्यांच्या दोन्ही अंगांनी ऊस हातभर बाहेर आलेला, मागं लाल फडकं बांधलेलं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर छताला टांगलेले दोन स्पीकर. गाणं इतकं मोठ्यानं की खिडकीची तावदानं थरथरतात. ते कुठलं हे कळेपर्यंत ट्रॅक्टर वळणापलीकडं गेलेला असतो. मागं उरतो ओल्या उसाचा वास, डांबरावर सांडलेलं शेंड्यांचं हिरवं वाडं, आणि माझा राग.

वय वाढलं की राग विरघळतो म्हणतात. माझा विरघळला नाही. मीच तो विरघळू दिलेला नाही.

मी आता एका हायस्कुलात मराठी शिकवते. त्याआधी अकरा वर्षं मी रेडिओवर बोलत होते, रोज दुपारी एक ते चार. रस्त्यात मला कुणी ओळखत नाही, पण भाजीवालीला ‘पावशेर दे गं’ म्हटलं की शेजारची बाई वळून बघते आणि विचारते, “तुम्ही पद्माताई न्हवं?” असं अजून होतं. तेव्हा मी हो म्हणते, आणि मग ती बाई जे विचारते त्याचं उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरत नाहीत. ती विचारते, “का वो बंद केलासा?”

मी बंद केलं नाही. ते कसं बंद झालं ते सांगते.

स्टेशनला कंपनीनं एक इंग्रजी नाव दिलं होतं. ते जाहिरातींच्या फलकांवर असायचं. गावात सगळे त्याला ‘टाकीवरचं स्टेशन’ म्हणत. खाली टायरचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या चार खोल्या, गच्चीवर मनोरा, आणि शेजारी पाण्याची उंच टाकी. लांबून बघितलं तर मनोरा टाकीवरच रोवल्यासारखा दिसायचा. रिक्षावाल्याला इंग्रजी नाव सांगितलं तर तो डोकं खाजवायचा. टाकीवरचं म्हटलं की मीटर पाडायचा.

मी तिथं रुजू व्हायच्या आधीची गोष्ट शौकतभाईंनी मला सांगितली होती. शौकतभाई म्हणजे आमचे तांत्रिक बाजू सांभाळणारे. मनोरा उभा केल्यापासून तिथं होते. मान किंचित वाकडी, कारण आयुष्य एका कानाला हेडफोन लावून गेलेलं. स्टेशन सुरू व्हायच्या आधी तीन दिवस चाचणी होती. गाणी लावायची परवानगी अजून आली नव्हती, म्हणून दर काही वेळानं ते माइकवर विचारायचे, “आवाज येतोय का?” यंत्रं तपासायला एवढं पुरे होतं. पहिल्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर एक गृहस्थ उभे. म्हणाले, “येतोय. लक्ष्मीपुरीपतोर येतोय.” एवढं सांगून जिना उतरले. संध्याकाळपर्यंत सात जण आले. एक जण सायकल मारत कळंब्याहून आला होता, म्हणाला, “आमच्याकडं जरा खरखर हाय, बघा काय करतासा ते.”

“मुंबईचे साहेब हसत होते,” शौकतभाई म्हणाले. “मी न्हाय हसलो. म्हटलं, हितं माणूस रेडिओला उत्तर देतोय.”

मी बी.एड. करून नोकरीची वाट बघत होते तेव्हा आवाजाची चाचणी देऊन आत आले. आमच्या घरी रेडिओ म्हणजे पप्पांच्या कापडदुकानातला, सकाळच्या बाजारभावांपुरता. पोरीनं त्यात बोलायचं हे घरच्यांना पटायला दोन महिने लागले. आईनं एकच अट घातली, की चातुर्मासात उपास असला तरी हवेवर कुणाला सांगायचं नाही; उपास मिरवायचा नसतो. ती अट मी पाळली.

आम्हाला शिकवायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. गोड, शिस्तीच्या. त्यांनी मला पहिल्याच तासाला थांबवलं. मी म्हणाले होते, “नमस्कार, मी आलो.” त्या म्हणाल्या, “आलो नाही, आले. तू मुलगी आहेस ना?” कोल्हापुरात मुली आलोच म्हणतात, गेलो म्हणतात, जेवलो म्हणतात. माझी आई म्हणते, आजी म्हणायची. त्यात आम्हाला आम्ही मुली नाही असं कधी वाटलेलं नव्हतं. पण नोकरी नवी होती. मी ‘आले’ शिकले. ‘हाय’चं ‘आहे’ झालं, ‘न्हाय’चं ‘नाही’. चार महिने मी असं बोलत होते की जणू जिभेखाली खडीसाखर ठेवलेली आहे आणि ती विरघळली तर दंड होईल.

मग तो फोन आला. भर दुपार, श्रोत्यांची फर्माईश चालू होती. मी माझ्या खडीसाखरेच्या आवाजात विचारलं, “कोण बोलतंय आपण, आणि कोणतं गाणं ऐकायला आवडेल?”

पलीकडं मोठी घरघर. त्या घरघरीवरून एका बाईचा आवाज, “गाणं ऱ्हाऊ दे. तू कुठली गं?”

“मी कोल्हापूरचीच आहे.”

“मग अशी का बोलतीस? दाढ दुखतीया व्हय?”

काचेपलीकडं शौकतभाईंनी तोंडावर हात ठेवला. मला हसू आवरलं नाही, आणि हसताना जिभेखालचं जे काही होतं ते पडलं. मी म्हणाले, “न्हाय वो अक्का, दाढ ठणठणीत हाय. तुम्ही जेवलासा का?”

“आत्ता कशी बोललीस! न्हाय जेवलो अजून. जोंधळं दळाय आल्यात, गर्दी हाय.”

त्या शिवाजी पेठेतल्या हौसाक्का. नवऱ्यामागं पिठाची गिरणी एकट्या चालवायच्या. पट्टा सुटला तर स्वतः चढवायच्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि भुवयांवर कायम पीठ, हे मी पुढं पाहिलं. त्या दिवशी फक्त आवाज होता. फोन ठेवल्यावर पुढची अर्धी दुपार प्रत्येक फोनवर लोक आधी मला विचारत होते, “जेवलासा का?” आठवड्याभरानं कार्यक्रमाचं नावच ते पडलं. शिस्तीच्या बाईंना कुणीतरी कळवलं असणार. पण तोवर टाकीवरचं स्टेशन गावात गाजायला लागलं होतं, आणि जे गाजतं त्याला वरचे लोक काही काळ हात लावत नाहीत.

त्या दुपारी मला अजून कानांनी दिसतात. चप्पल शिवणाऱ्यांच्या दुकानातली ठोकठोक, मागं आमचं गाणं. तालमीच्या कट्ट्यावर दुपारचे पडलेले पैलवान, उशाला रेडिओ. चंदगडहून येणाऱ्या एस.टी.चे एक कंडक्टर होते, गाडी कागलजवळ आली की त्यांच्या मोबाईलवर आमचा आवाज लागायचा आणि ते फोन करायचे, “पद्माताई, आलो बघा तुमच्या हद्दीत.” मग मी हवेवरच चंदगडचा पाऊस विचारायची, आणि ते आख्ख्या गाडीकडून विचारून सांगायचे. आम्ही नवी सिनेमाची गाणीच लावायचो, तीच जी सगळीकडं वाजत होती. पण दोन गाण्यांच्या मधे गाव होतं. ते इतर कुठल्या स्टेशनवर नव्हतं.

एका पावसाळ्यात पंचगंगा शहरात शिरली. कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत राहायची सोय, कुठल्या गल्लीत दूध पोचलं नाही, एवढंच आम्ही पाच दिवस सांगत होतो. गाणी बंद. मनोरा पाण्याच्या वर होता आणि आम्ही मनोऱ्याखाली. एक माणूस फोनवर फक्त एवढंच म्हणाला, “बोलत ऱ्हावा. काय बी बोला.” मी त्याला आमच्या घरच्या मांजरीची गोष्ट सांगितली. पाणी उतरल्यावर मला कळलं, तो बुडालेल्या घराच्या पत्र्यावर बसून होता.

हे सगळं सांगायचं कारण, की पुढं जे झालं ते समजावं.

कंपनी बदलली. स्टेशनचं नाव तेच राहिलं, मालक बदलले. नवा कार्यक्रम प्रमुख म्हणून समीर नावाचा एक तरुण आला. वाईट नव्हता. सगळ्यांना ‘अहो’ म्हणायचा, जिन्यात भेटला तर बाजूला सरायचा. मी त्याच्यावर राग धरायचा प्रयत्न केला, पण तो नीट जमला नाही. त्याच्याही वर कुणी होतं, आणि त्यांच्याही वर. त्याच्याकडं रोज मेल यायचे आणि ते वाचताना तो नखं खायचा.

नुकताच गळीत हंगाम सुरू झाला होता. माझ्या आवडीचे दिवस तिथून सुरू व्हायचे. बोनेट तापलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, नंबर लागायची वाट बघत रस्त्याकडेला बसलेले ड्रायव्हर, आणि त्यांच्या हातात फोन. त्या चार महिन्यांत माझे निम्मे फोन उसाचे असायचे. फडातनं, ट्रॅक्टरवरनं, गुऱ्हाळातनं. गुळाच्या कढईशेजारून बोलणाऱ्याचा आवाजही जरा गरम लागतो.

समीरनं मला खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हणाला, “पद्माताई, सोमवारपासून दुपारचा कार्यक्रम नेटवर्कवरून येणार. सगळ्या शहरांना एकच आवाज. आपला सकाळचा एक तास राहील फक्त.”

“आणि मी?”

“शनिवारी तुमचा शेवटचा दिवस.” मग त्यानं नखाकडं बघितलं. “एक विनंती आहे. निरोप घ्यायचा नाही. नेहमीसारखा कार्यक्रम करायचा, नेहमीसारखा संपवायचा. हा नियम आहे सगळीकडं.”

“आणि सोमवारी एक वाजता लोकांनी काय समजायचं?”

“लोकांना फार काही कळत नाही, ताई. दोन-चार दिवस. आवाज असला की पुरतं. तसं सर्वेक्षण आहे.”

तो हे वाईटपणानं बोलला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून बोलला. आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. नोकरी जाणार याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू. घरी जाताना रंकाळा तळ्यावर गाडी थांबवून मी रडले. पण रडताना मधेच थांबले. लोकांना कळत नाही. दार वाजवून ‘लक्ष्मीपुरीपतोर येतोय’ म्हणून सांगून जाणाऱ्या माणसाला कळत नाही. पत्र्यावर बसलेल्याला कळत नाही. माझ्या दाढेचं विचारणाऱ्या बाईला कळत नाही.

शनिवारी मी लवकर गेले आणि शौकतभाईंना सांगितलं, “मी निरोप घेणार आहे.”

ते तारा गुंडाळत होते. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि पुढं दोन वर्षं कामावर ठेवतो असा शब्द कंपनीनं दिला होता. मी म्हणाले, “तुम्ही आज रजा टाका. नाहीतर साडेतीनला चहाला जा. माझ्याबरोबर तुम्ही कशाला?”

“चहा?” ते म्हणाले. “डॉक्टरनं चहा बंद केलाय माझा.”

“शौकतभाई, खरंच.”

“मीटर कोण बघणार? आज तुझा आवाज वर जाणार. फाटला तर माझं नाव खराब.”

तीन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत मी नेहमीसारखा कार्यक्रम केला. मग गाणं संपल्यावर पुढचं गाणं लावलं नाही.  अकरा वर्षांत प्रथमच मी कागदावर लिहून आणलं होतं, आणि आता अक्षरं दिसेनात. कागद बाजूला सारला.

मी म्हणाले, “मंडळी, सोमवारपास्नं मी नसणार. मला सांगितलंय की तुम्हाला हे सांगायचं न्हाय. का, तर म्हणे तुम्हाला कळत न्हाय आवाज कुणाचा हाय ते. मला वाटतंय तुम्हाला कळतंय. म्हणून सांगतो. माझं काम काढून घेतलंय, मी सोडून चाललेलो न्हाय. अकरा वर्सं तुम्ही मला जेवाय बोलावलं, मी एक दिवस बी आलो न्हाय, फकस्त इचारत बसलो. एवढी चूक माझी. बाकी माझी कायबी चूक न्हाय.”

काचेपलीकडं समीर आला होता. त्यानं एक हात वर केला, जसा आपण रस्त्यात गाडी थांबवायला करतो. शौकतभाई बटणांवर बोटं ठेवून बसले होते. समीर त्यांच्याशी काहीतरी बोलला. शौकतभाईंनी हेडफोनच्या कानाकडं बोट दाखवलं, ऐकू येत नाही अशी खूण केली, आणि पुन्हा मीटरकडं बघायला लागले. समीर हात पुढं करून स्वतः बटण दाबू शकला असता. त्यानं दाबलं नाही. तो खुर्चीत बसला. एवढं मी त्याच्या बाजूनं कायम सांगते.

फोनचे सगळे दिवे लागले होते. मी एक उचलला. पलीकडं ट्रॅक्टरचं इंजिन. माणूस म्हणाला, “ताई, खरं हाय?” मी म्हणाले, “खरं हाय.” तो म्हणाला, “मग गाणं नगो. थांबा जरा.” आणि त्यानं हॉर्न वाजवला. त्याच्या मागच्यानं वाजवला. मग त्याच्या मागच्यानं. उसाच्या गाड्यांची रांग कारखान्यापासून कुठवर होती कोण जाणे, हॉर्न लांब लांब जात राहिले, आणि मी माइकसमोर गप्प बसून ते सगळ्या कोल्हापूरला ऐकवत राहिले. चार वाजले. मी हेडफोन काढला. माझे केस त्यात अडकले होते.

सोमवारी ओळखपत्र परत करायला गेले ती मुद्दाम दुपारी एकला. नवा आवाज ऐकायचा होता, आणि तो घरी एकटीनं ऐकवला नसता. स्वागतकक्षातल्या स्पीकरवर तो सुरू झाला. कुणी मुलगी होती. आवाज छान, स्वच्छ. “हॅलो कोल्हापूर! मी आहे तुमच्यासोबत!” मग एक विनोद, जो त्याच क्षणी अनेक शहरांत सांगितला जात होता.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, जिन्यात आवाज आला. बांगड्या, धाप, आणि कुणीतरी कुणाला तरी “सावकाश गं, आमटी सांडंल” म्हणालेलं. हौसाक्का पुढं. मागं दहा बायका. सोमवारी गिरणी बंद असते. प्रत्येकीच्या हातात डबा. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशीही पिठानं पांढऱ्या भुवया बघून ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण मी बोलले नव्हते.

गलका ऐकून समीर बाहेर आला. हौसाक्का त्याला म्हणाल्या, “नवी बाई कुठं हाय?”

“कोण नवी बाई?”

“आत्ता बोलली न्हवं का. म्हणाली, मी हाय तुमच्यासोबत. आमी बी आलो मग. नवी हाय, गाव नवं हाय, जेवायची सोय झाली नसंल. डबा आणलाय.”

समीर म्हणाला, “त्या इथं नसतात.”

“मग कुठं असतात?”

“मुंबईत.”

“आणि हितं आत कोण हाय?”

समीर हळू म्हणाला, “कुणी नाही. कॉम्प्युटर आहे.”

“दाव.”

आणि त्यानं दाखवला. अकरा जणी स्टुडिओच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. माझी खुर्ची रिकामी. पडद्यावर गाण्यांची यादी आपोआप वर सरकत होती. स्पीकरवर ती मुलगी हसत होती. हौसाक्कांनी हातातला डबा काचेजवळ धरला. मग म्हणाल्या, “ह्याला भाकरी कशी चारायची?”

 त्या सगळ्या मागं फिरल्या, स्वागतकक्षाच्या गुळगुळीत फरशीवर गोल करून बसल्या, आणि डबे उघडले. झुणका, भाकरी, आमटी, मेथीची भाजी, मिरचीचा खर्डा. थंड वातानुकूलित खोलीत लसणाचा वास भरला. रखवालदार समीरकडं बघायला लागला. समीरनं मान हलवली, नको. हौसाक्का म्हणाल्या, “साहेब, बसा. जेवल्याबिगर कुणाशी भांडाय येत न्हाय मला.” तो बसला. मी जिन्याजवळ उभी होते. मी म्हणाले, “अक्का, मला पण वाढा की.”

त्या वळल्या. आवाजावरून वळल्या. भाकरीचा अर्धा तुकडा हातात तसाच.

आम्ही तशा बसलो होतो त्या दुपारी. कुणी घोषणा दिली नाही. त्या पुढच्या सोमवारी आल्या, त्याच्या पुढच्याही. मी नव्हते तेव्हाही येत राहिल्या. पेठेतल्या दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका आल्या, एकदा तालमीच्या फुटबॉल संघातली पोरं जर्सीवरच आली, चिवडा घेऊन. ऊस संपेपर्यंत दर सोमवारी टाकीवरच्या स्टेशनात पंगत बसत होती आणि नवा आवाज स्पीकरवरून सगळ्यांना सांगत होता, मी आहे तुमच्यासोबत. माझ्या घरासमोरून ट्रॅक्टर जात होते. मी ओट्याशी उभी राहून, कुणी ऐकत नसताना, ‘एक वाजून दहा मिनिटं झाल्यात’ असं मोठ्यानं म्हणायची. सवय सुटत नव्हती. भांडी घासताना मला दोन गाण्यांमधली शांतता ऐकू यायची आणि ती भरायला तोंड उघडायचं.

कारखान्यांचे पट्टे पडले आणि हंगाम संपला. त्याच सुमारास वरून पत्र आलं. दुपारचा एक तास कोल्हापूरला परत देण्यात येत आहे. इथला आवाज, इथली भाषा. आणि माझ्यासाठी वेगळं पत्र होतं. त्या तासासाठी माझा विचार होऊ शकतो; फक्त त्या शनिवारबद्दल एका ओळीचा खेद लिहून द्यावा.

शौकतभाई घरी आले. त्यांना दिलेला दोन वर्षांचा शब्द कंपनीनं मागं घेतला होता. ते मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही. म्हणाले, “लिहून टाक की. एक ओळ तर हाय.”

“तुमचं गेलं माझ्यामुळं. आणि मी लिहून आत जाऊ?”

“माझं काय गेलं? मला ऐकू येत नव्हतं त्या दिवशी, ते मी लिहून दिलंय. माझ्या कागदावर तेवढंच खोटं हाय.” मग ते हसले. “पर तुला ऐकू येत होतं.”

मी दोन दिवस तो कागद समोर ठेवून बसले. मला तो माइक हवा होता. इतका हवा होता की त्या एका ओळीत काय वाईट आहे हे मी स्वतःला पुनःपुन्हा पटवून बघितलं. शेवटी लिहिलं. “मी श्रोत्यांना खरं सांगितलं, याचा मला खेद नाही.” सही केली, टपालात टाकलं, आणि पुढच्या जूनमध्ये शाळेत रुजू झाले. अहंकार होता का? असेल. रात्री झोप लागली, एवढं मला माहीत आहे.

यंदा ऊस रस्त्यावर आला त्या आठवड्यात स्टेशनवरून फोन आला. दुपारच्या त्या एका तासाला आता जी मुलगी बोलते, तिचा. हवेवर तिचं नाव रिया. मी तिला ऐकते. चांगली बोलते, हसताना थोडी घाबरते. म्हणाली, “ताई, स्टेशनचा वाढदिवस हाय. स्टेशनच्या इतिहासावर दोन मिनिटं बोलाल? वरनं मजकूर आलाय, मी पाठवतो तुम्हाला.”

मजकुरात सगळं होतं. मनोरा, पहिली गाणी, बक्षिसं, श्रोत्यांचं प्रेम. शनिवार नव्हता. सोमवार नव्हते. मी तिला म्हणाले, “मी हे वाचणार नाही. बोलायचं तर थेट हवेवर, माझ्या मनानं. नाहीतर नको.”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “गुरुवारी दीडला या.”

मी गेले. जिना तोच, धाप नवी. ती काचेआड बसली होती, विशीतली, चष्मा, पायात साधी चप्पल. तिनं माझ्यासमोर माइक ओढला. मी बोलले. चाचणीचे तीन दिवस सांगितले, शौकतभाईंचं नाव घेतलं, शनिवार सांगितला, पंगती सांगितल्या, अकरा जणींची नावं एकामागून एक घेतली. हा एक तास तुम्हाला कुणी भेट दिलेला नाही, तो फरशीवर बसून मिळवलेला आहे, असं म्हणाले. दोन मिनिटांची नऊ झाली. तिच्या शेजारचा फोन दोनदा उजळला. तिनं तो पालथा घातला.

मी थांबले. आता तिनं ठरलेलं वाक्य म्हणून गाणं लावायचं होतं. तिनं बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. मग माइकजवळ सरकली.

“माझं नाव रिया न्हाय,” ती म्हणाली. “ते हितं दिलेलं हाय. मी रेणुका गावडे, चंदगडची. आमच्या गावात हे स्टेशन लागत न्हाय, म्हणून आईनं मला आजून ऐकलेलं न्हाय. उद्या मी हितं असन का नसन, मला ठाऊक न्हाय. आज हाय.”